गवताच्या छपराची तपासणी

"घर बघायचं काम माझ्यावर सोडा! इथं गाझियाबादला खुर्चीत बसून मी त्या घराची नाडीपरीक्षा करतो की नाही, बघाच!"

अण्णासाहेब तुळपुळ्यांनी अशी घोषणा केली, तेव्हा कुसुमावतीबाई दोडक्याच्या शिरा काढत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. उभी हयात केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात काढलेला हा माणूस! कुणाच्या लग्नाला गेले, तरी अक्षता टाकायच्या आधी हॉलचे खांब ओळंब्यात आहेत का ते बघायचे.

या खेपेला प्रश्न त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा होता. केतकी आणि तिचा नवरा अनुराग इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहत होते. नाव नेदर पॉडकॉम. खेडं तरी केवढं? इंदिरापुरममधल्या यांच्या सोसायटीच्या एका टॉवरमध्ये अख्खं गाव बसवलं असतं, तरी वरचे मजले रिकामे राहिले असते! एक चर्च, एक पब, एक दुकान. दुकानाच्या माळ्यावर केतकी-अनुराग भाड्यानं राहत. केतकी तिथल्या शाळेत शिकवायची आणि गाव तिला मनापासून आवडलं होतं.

आता गावातलं एक घर विकायला निघालं होतं. मालकीणबाई मिसेस विदरबी, वय ऐंशीच्या पुढं, बहिणीकडे राहायला चाललेल्या. त्यांची अट एकच : घर घेणाऱ्यानं बारा महिने गावात राहायचं. शनिवार-रविवार येऊन कुलूप लावून जाणारी मंडळी नकोत. तरी लंडनचं एक जोडपं मागे लागलंच होतं.

"बाबा, घर बघून फक्त छान म्हणा हं," केतकीनं व्हिडिओ कॉल लावतानाच बजावलं. "मिसेस विदरबी शेजारीच उभ्या आहेत."

"बिल्कुल, बिल्कुल! दाखव."

केतकीनं फोन वर केला आणि अण्णासाहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"केतकी, ते डोक्यावर काय आहे? गवत?"

"थॅच म्हणतात बाबा त्याला. इथं फार मान आहे."

"गवताला मान? अगं, आपल्याकडे याला झोपडी म्हणतात! भिंतीवर टिचकी मार."

केतकीनं हळूच टिचकी मारली. बशीएवढा पोपडा खाली आला.

"आता जमिनीवर काहीतरी गोल ठेव!"

गोल म्हणून टेबलावरचं लिंबू मिळालं. केतकीनं ते खाली ठेवलं मात्र, लिंबू जे सुटलं ते खोली ओलांडून, उंबरा उतरून, बागेत पसार! जणू त्यालाही हे घर सोडायची घाई झाली होती.

"पडणार!" अण्णासाहेब गरजले. "हे घर पडणार! केतकी, बाहेर हो! पडणार!"

मिसेस विदरबींनी कुतूहलानं विचारलं, "तुझे वडील काय म्हणताहेत, डिअर?"

केतकीच्या तोंडचं पाणी पळालं. "ते म्हणताहेत... पडणार. म्हणजे आमच्या भाषेत... अतिशय सुंदर."

"पडणार!" म्हातारीनं शब्द जिभेवर घोळवला. "किती गोड!"

आठवडाभरात तो शब्द गावभर झाला. दुकानदारीणबाई केतकीला म्हणाली, "आज हवा अगदी पडणार आहे!" पबमध्ये कुणाला नात झाली, तिलाही सगळे पडणार म्हणाले. खुद्द पाद्रीबाबांनी चर्चच्या छपराला पडणार म्हटलं, आणि ते मात्र खरंच पडायला आलेलं होतं!

इकडे अण्णासाहेबांनी निश्चय केला. "माझी मुलगी त्या झोपडीत राहणार नाही! मी त्या बाईंशी स्वतः बोलतो."

"अहो, तिला आवडलंय ते घर," कुसुमावतीबाई म्हणाल्या.

"तिला काय कळतंय! मी इंजिनिअर आहे!"

"आणि मी तिची आई आहे. गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली, तर अख्खं गाव पाळीपाळीनं सूप घेऊन आलं. आपल्या या टॉवरमध्ये समोरच्या दाराची पाटी तरी वाचलीयत का तुम्ही कधी?"

अण्णासाहेबांनी बेत मात्र बदलला नाही.

रविवारी दुपारी कॉल लागला. कुसुमावतीबाईंनी चंदेरी नेसली होती. पलीकडे मिसेस विदरबी, त्यांच्या मागे पाद्रीबाबा, आणि कोपऱ्यात देव पाण्यात घालून बसलेली केतकी.

"मिस्टर टुलपुले," मिसेस विदरबी हसून म्हणाल्या, "तुमचं ते दिल्लीकडचं घरही असंच पडणार आहे का?"

अण्णासाहेब चमकले. "मॅडम, माझं घर का पडणार? कॉलम-बीमचं आहे!"

"पण पडणार म्हणजे सुंदर ना?"

केतकी डोळ्यांनी खुणा करत होती, हात जोडत होती. पण अण्णासाहेबांच्या प्रामाणिकपणाला ब्रेक नव्हता.

"नो, मॅडम! पडणार म्हणजे... विल फॉल डाउन."

पाद्रीबाबांनी कप खाली ठेवला. गेल्या रविवारीच त्यांनी एका नवरीला पडणार म्हटलं होतं!

केतकीचा चेहरा पांढराफटक. "मिसेस विदरबी, सॉरी... मला हे घर इतकं हवं होतं, की..."

तिला पुढं बोलवेना. आता घर गेलं, हे तिला कळून चुकलं. ते अण्णासाहेबांनाही कळलं. लेकीचे डोळे भरलेले पाहून त्यांना पहिल्यांदाच आपल्या इंजिनिअरिंगचा राग आला.

आणि मिसेस विदरबी हसायला लागल्या! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"हे घर पडणार असं माझे आजोबाही म्हणायचे," त्या म्हणाल्या. "त्यांचेही आजोबा म्हणायचे! लंडनचे लोक 'चार्मिंग, चार्मिंग' करून गेले. भिंतीला हात लावून कुणी पाहिलं नाही. घराची काळजी करणारी माणसं मला आज भेटली. घर केतकीचं!"

मग त्यांनी अण्णासाहेबांना सगळं समजावलं : ओकची तुळई वाकते पण मोडत नाही, चुन्याची भिंत श्वास घेते, गवत पाऊस अंगावरून ओघळू देतं. अण्णासाहेब तल्लीन होऊन मान डोलवत "बिल्कुल, बिल्कुल" म्हणत राहिले. मधूनच पाद्रीबाबांनीही काहीतरी विचारलं. आवाज तुटत होता. अण्णासाहेबांनी त्यालाही मान डोलवली.

कॉल संपल्यावर केतकीचा फोन आला.

"बाबा, अभिनंदन! चर्चच्या छप्पर समितीचे तुम्ही अध्यक्ष झालात!"

"मी? कधी?"

"तुम्हीच तर मान डोलवलीत! उन्हाळ्यात पहिली सभा. तुम्ही दोघं येणार असं मी सांगून टाकलंय."

अण्णासाहेबांची छाती फुगली. निवृत्तीनंतर प्रथमच अध्यक्षपद! "अगं, ओळंबा काढून ठेव माझा!" ते कुसुमावतीबाईंना म्हणाले. मग फोनमध्ये भारदस्त आवाजात, "अध्यक्षानं नक्की काय करायचं असतं?"

"सभेला केक आणायचा. स्वतःच्या हातानं केलेला. गावाची रीतच आहे तशी."

अण्णासाहेबांनी आजवर गॅससुद्धा पेटवला नव्हता. पण तुळपुळे माघार घेणारे नव्हेत! ओटा, भिंती आणि स्वतःच्या भुवया मैद्यानं माखून, दुपारभर झुंजून त्यांनी सरावाचा पहिला केक उतरवला. कुसुमावतीबाईंनी मुकाट्यानं ताटली त्यांच्या हातात दिली आणि समोरच्या दाराकडे बोट दाखवलं. पाटीवर 'भल्ला' असं लिहिलेलं होतं.

मिसेस भल्लांनी तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. अण्णासाहेब श्वास रोखून उभे.

"वाह, भाईसाहब!" त्या म्हणाल्या. "ढोकला बहुत बढ़िया बना है!"