गोदामातला जादा रविवार

कोरेगव्हाणच्या सामुदायिक विवाह सोहळ्यासाठी राखून ठेवलेला जादा रविवार केरबाशेठ डांगे यांच्या गोदामात, सतरंज्यांच्या थप्पीवर, ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेला होता.

तो तिथे आला त्याला नऊ वर्षं झाली. त्या साली सोहळ्याच्या तोंडावर वळवाचा अंदाज होता, म्हणून समितीने ठराव केला की आधीचा एक रविवार गावाने वापरू नये, अडीअडचणीला बाजूला काढावा. गाव शनिवारी रात्री झोपलं ते सोमवारी सकाळी उठलं. मटण बुडालं म्हणून थोडी कुरकुर झाली, तेवढीच. वळीव काही आला नाही, सोहळा ठरल्या दिवशी पार पडला, आणि काढलेला रविवार उरला. तो सांभाळायचं काम केरबाशेठकडे आलं, कारण एवढ्या मोठ्या वस्तूची घडी घालायची अक्कल मांडववाल्यालाच असते. रविवार काय आणि ताडपत्री काय, रीत एकच: दोन माणसं लागतात, वारा नको, आणि कोपऱ्याला कोपरा लागला पाहिजे. एक बाजू केरबाशेठनी धरली, दुसरी त्यांच्या बायकोने, शालनने. त्याच दिवाळीत शालन वारली. त्यानंतर गोदामात तशी घडी कुणाला जमली नाही.

धंद्यात एक म्हण आहे, पडून राहिलेला माल मालकाला खातो. केरबाशेठनी दोनेक वर्षं वाट पाहिली आणि मग रविवार सुटा सुटा भाड्याने द्यायला सुरुवात केली. सकाळ स्पर्धा परीक्षेच्या एका पोराला गेली. त्याला अभ्यासाला एक सकाळ कमी पडत होती. तो आता तलाठी आहे आणि अजून पेढे द्यायचा आहे. दुपार बँकेच्या मॅनेजरने घेतली आणि झोपून काढली. संध्याकाळसाठीही गिऱ्हाइकं येत, पण केरबाशेठ सगळ्यांना एकच सांगत, "संध्याकाळ दुरुस्तीला आहे."

दुरुस्तीचं खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. हिशेब साधा होता. तो रविवार गावात कुणीच वापरला नव्हता, म्हणजे त्या दिवशी हयात असलेल्या प्रत्येकाचं तेवढं येणं बाकी होतं. शालनचंही. कधीतरी परसदारी पायरीवर दोन कप चहा ठेवायचा, कडी लावायची आणि संध्याकाळ उलगडायची, असं केरबाशेठनी मनाशी धरलं होतं. आज नको, उद्या नको, असं करत ते राहिलं. चांगला माल हातचा सोडवत नाही माणसाला.

यंदाच्या सोहळ्यात मांडव केरबाशेठचा होता आणि नवऱ्यामुलींमध्ये त्यांची रेवतीही होती. आपल्याच मांडवात आपलीच मुलगी उजवावी, एका कनातीत दोन कामं, असा विचार. जावई सुहासचं सोमवारी दुपारी मस्कतचं विमान होतं. लग्न रविवारी झालं नाही तर पुढची सुट्टी दोन वर्षांनी, आणि सुहासच्या आत्याला तोवर दुसरी एखादी मुलगी सुचली असती. तिने एक आधीच सुचवून ठेवली होती.

दुपारच्या मुहूर्ताला सगळे हजर होते. आमदार बंडूदादा तेवढे नव्हते, आणि सगळी मंगळसूत्रं त्यांच्या गाडीत होती, कारण ती त्यांनी देणगी दिली होती आणि फोटोत देणार होते. मुहूर्त टळला. गोरज मुहूर्तावर मंगलाष्टका म्हणायचं ठरलं. गाई येऊन गेल्या, धूळ खाली बसली, भटजी घसा साफ करून करून बसला. दिवे लागल्यावर बंडूदादा आले आणि रस्त्यात गर्दी होती म्हणाले. गर्दी त्यांच्याच गाड्यांची होती.

मांडवाच्या मागे, भटारखान्याशेजारी, बैठक बसली.

"आजचा रविवार वाया गेला, हे मान्य करायला हरकत नाही," समितीचे अध्यक्ष निकम सर म्हणाले. "राखीव उघडावा."

नायब तहसीलदार वाघचौरे मॅडमनी मान डोलावली. "आज रात्रीच्या आणि उद्या सकाळच्या मध्ये बसेल. सोमवार सरकवावा लागणार नाही. केरबाशेठ, माल काढा."

केरबाशेठनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "सकाळ नाही त्यात."

"म्हणजे?"

"भाड्यानं गेली."

"आणि दुपार?"

"तिच्यावर मॅनेजर झोपलेत."

"सार्वजनिक रविवार तुम्ही परस्पर भाड्याने दिला?" मॅडमनी विचारलं.

"वापरात राहिला म्हणून टिकला, मॅडम. नुसता ठेवला असता तर कसर लागली असती. आमच्या आज्यानं एक शामियाना जपून जपून ठेवला होता. काढला तेव्हा दोऱ्याच उरल्या होत्या."

"संध्याकाळ तरी आहे का?" निकम सर म्हणाले. "गोरजावर भागवू."

"संध्याकाळ दुरुस्तीला आहे."

रेवती हळदीच्या पातळात मागे उभी होती. तिने बाशिंग हातात धरलं होतं. "बाबा, गेली सात वर्षं कसली दुरुस्ती चाललीय?"

केरबाशेठनी तिच्याकडे पाहिलं नाही. भटारखान्यातल्या चुलीकडे पाहिलं. पायरी, दोन कप, लावलेली कडी. आणि इकडे सगळा तालुका जेवायला बसलेला. एवढ्या लोकांत घरच्या माणसाशी एक शब्द बोलायला मिळत नाही, हे मांडववाल्याइतकं कुणाला ठाऊक?

"पोराचं विमान उद्याच आहे, होय ना?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"मग चावी घे. डावीकडची थप्पी. घडी मोडू नको, मी येतो."

रविवार मैदानात पसरला तेव्हा त्यात चार वाजले होते. ऊन नऊ वर्षांचं, घडीवर जरा पिवळं पडलेलं, पण एकंदरीत चांगलं होतं. पाचच्या पुढे उंदरांनी थोडं कुरतडलं होतं. तेवढा वेळ सगळ्यांनी उभं राहून काढला.

मग वाघचौरे मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि खाली सतरंजीवर बसल्या.

"काय झालं मॅडम?"

"वय माणसाचं, पण पद तारखेचं," त्या म्हणाल्या. "या तारखेला मी कारकून होते. माझी खुर्ची इथे लागत नाही. आणि बंडूदादा त्या साली आमदार नव्हते."

सगळ्यांनी बंडूदादांकडे पाहिलं. बंडूदादांनी केरबाशेठकडे पाहिलं. त्या साली ते केरबाशेठकडेच रोजंदारीवर होते.

"बंड्या," केरबाशेठ म्हणाले, "मंगळसूत्रं ठेव तिथं टेबलावर आणि खुर्च्या लाव. पहिली रांग सोडून."

बंडूदादांनी जाकीट काढून खुंटाला अडकवलं. हात विसरला नव्हता. एका दमात चार-चार खुर्च्या उचलत त्यांनी बघता बघता मैदान लावून टाकलं. कुणाची वाट पाहायची उरली नाही, त्यामुळे सोहळा वेळेवर सुरू झाला. जुनी माणसं म्हणाली, असं कोरेगव्हाणात प्रथमच घडतंय.

अध्यक्षपदी त्या तारखेचे अध्यक्ष आप्पासाहेब आले. ते मयत होते, पण हयातीतही वेळेचे पक्के होते. निकम सरांनी खुर्ची सोडली. पाठोपाठ त्या तारखेनंतर मयत झालेली गावातली बाकीची मंडळीही येऊ लागली, आहेर घेऊन, आणि आचारी घाबरला. समितीने त्यांची पानं धरलीच नव्हती.

"बुंदी वाढवा," मांडवाच्या दारातून एक आवाज म्हणाला. "आणि वरण पातळ करू नका, लोक नावं ठेवतात."

शालन होती. हिरवं इरकल, कमरेला गोदामाच्या चाव्या. तिने आधी भटारखाना पाहिला, मग खांबांचे दोर ओढून पाहिले, मग रेवतीपाशी गेली आणि बाशिंग सरळ केलं.

"उंच झालीस," ती म्हणाली. "मुलगा कोणता?"

"तो, चष्म्याचा."

"बरा आहे. आत्या त्याची का ती? बसवते तिला माझ्याशेजारी."

मंगलाष्टका झाल्या, गोरजावर अक्षता पडल्या. आप्पासाहेब भाषणाला उभे राहिले आणि नऊ वर्षांचं साठलेलं बोलू लागले, तेव्हा शालनने माईकची वायर काढली. आत्या तिच्या शेजारी बसली होती आणि दुसऱ्या मुलीबद्दल काही बोलत नव्हती. केरबाशेठ पंगतीत मीठ वाढत फिरत होते. दोनदा ते बायकोच्या जवळ पोचले. एकदा कुणीतरी पाणी मागितलं, एकदा मांडवाचा बल्ब गेला.

रात्रीची जेवणं उरकली तशी मयत मंडळी पान खाऊन निघाली. बंडूदादा खुर्च्या टेम्पोत भरत होते. मैदानाच्या कडेला रविवार जमिनीपासून सुटायला लागला होता.

"घडी घालायची ना?" शालनने विचारलं. "धरा ते टोक."

केरबाशेठनी टोक धरलं. दोघं मैदानाच्या दोन बाजूंना उभी राहिली, रविवार ताणला, झटकला आणि एकमेकांकडे चालत आली.

"अहो, सकाळ कुणाला दिलीत?" ती जवळ आल्यावर म्हणाली.

"परीक्षेच्या पोराला. पास झाला."

कोपरे जुळवून दोघं परत मागे गेली, आणि परत पुढे आली.

"दुपार?"

"मॅनेजरला. झोपला."

"दुपारी झोपायलाच द्यायची असते. भाडं आगाऊ घेतलंत ना?"

"घेतलं."

"आणि संध्याकाळ कशी राहिली?"

"गिऱ्हाइकच आलं नाही," केरबाशेठ म्हणाले.

शालन हसली नाही, पण घडीवरून हात फिरवताना तिने तो थोडा सावकाश फिरवला. आता एकच घडी उरली होती. दोघं पुन्हा चालत आली. तिने आपल्या हातातले कोपरे त्यांच्या हातातल्या कोपऱ्यांना लावले, नीट, आणि सोडले.

सोमवार होता. केरबाशेठनी घडी काखेत मारली, गोदामात नेऊन थप्पीवर ठेवली आणि कनाती मोजायला गेले.