नर क्रमांक सात यांची पसंती

पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास हा मानवी प्रगतीचा पाया आहे, हे ज्यांना तो करावा लागत नाही त्या सर्वांना मान्य आहे. शहामृग संवर्धन केंद्र याच पायावर उभं होतं. शहामृगाचं काहीही वाया जात नाही, असं केंद्राच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलं होतं. पिसं झटकणीला, कातडं पाकिटांना, मांस खाणाऱ्यांना, आणि एका अंड्यात कोंबडीची दोन डझन अंडी मावतात. (शहामृग वाळूत डोकं खुपसतं हे मात्र खोटं. ते जमिनीवरच्या घरट्यातली अंडी चोचीने फिरवत असतं, लांबून तसं दिसतं. डोकं खुपसण्याची सोय केंद्रात फक्त कर्मचाऱ्यांना होती.)

अडचण एकच होती. अंड्यांतून पिल्लं निघत नव्हती. नर क्रमांक सात, उंची आठ फूट, रंग काळाभोर, कागदोपत्री सर्वगुणसंपन्न, पण शेजारच्या दोन माद्यांकडे ढुंकूनही बघत नव्हता. तीन हंगामांत एकेचाळीस अंडी, पिल्लं शून्य. या विषयावर सहा बैठका झाल्या. सहावीत असा निष्कर्ष निघाला, की शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो (हे खरं आहे), सबब कोणीतरी त्याच्यावर डोळा ठेवावा (हे पहिल्यातून कसं निघतं ते इतिवृत्तात नाही).

डोळा ठेवायला इतररावांना नेमलं.

इतरराव हे केंद्राचे नोंदकारकून. सव्वीस वर्षं प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त त्यांनीच लिहिलं, आणि 'उपस्थित: संचालक, उपसंचालक, पशुवैद्य व इतर' यातले इतर म्हणजे तेच. पुढे लोक त्यांना तोंडावरही तसंच म्हणू लागले, आणि तेही ओ देऊ लागले. निवडीचं कारण आदेशात स्पष्ट होतं: 'यांच्या गैरहजेरीने कार्यालयीन कामात खंड पडणार नाही.' हा आदेशसुद्धा त्यांनीच टाइप केला होता, आणि शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त करून दिली होती.

पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजता ते वही घेऊन कुंपणाशी उभे राहिले. नऊ वाजून सात मिनिटांनी नर क्रमांक सात त्यांच्यासमोर आला आणि त्याने गुडघे टेकले. दोन्ही पंख पसरले, एक वर, एक खाली, मग उलट. लालभडक झालेली मान डावीकडून उजवीकडे फिरवत त्याने डोकं स्वतःच्याच पाठीवर धपाधप आपटलं. इतररावांनी वहीत लिहिलं, 'झटका आला आहे', आणि पशुवैद्य बाईंना बोलावणं धाडलं.

बाई तरुण होत्या, पण शहामृगांत मुरलेल्या. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं.

"इतरराव, हा आजार नाहीये. त्याला तुम्ही पसंत पडलात."

"मी?" इतररावांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "कशासाठी?"

"हा अंड्यातून निघाला तेव्हापासून माणसांच्याच हातावर वाढलाय. त्याच्या दृष्टीने माणूस दिसला की तो आपला. त्यामुळे तो कुठल्याही..."

बाई पुढेही बरंच शास्त्रीय बोलल्या. इतरराव त्या वेळी शर्टाची कॉलर सारखी करत होते.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. त्यांच्या घरात सांगण्याची पद्धत मागे पडली होती. जानेवारीत त्यांनी चष्म्याची फ्रेम बदलली, तेव्हा बायकोने "चष्मा बदललात का?" असं विचारलं ते मे महिन्यात. यात तिचा दोष नव्हता, तिने मार्चमध्ये केस निम्मे कापले होते ते यांना अजून कळलं नव्हतं. पण आता इतरराव रोज सकाळी शर्टाला इस्त्री करू लागले. आरशासमोर मान थोडी लांब करून बघू लागले. पन्नाशी उलटल्यावर आपल्याला एक पक्षी पसंत करतो आणि आपण त्यावर खूश होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती. ती वाटत असतानाच ते मिशी कातरत होते.

तिसऱ्या आठवड्यात आकडे आले. इतरराव कुंपणाशी उभे असले की नराचा उत्साह वाढत होता, आणि त्या भरात तो माद्यांकडेही वळत होता. चौदा अंडी, त्यांपैकी अकरा फळलेली. संचालकांनी तातडीने आदेश काढला. इतररावांना 'प्रेरक (पक्षी)' हे पद देण्यात आलं. प्रेरकाने विणीच्या हंगामात रजा घेऊ नये, मिशी काढू नये, चप्पल बदलू नये. इतिवृत्तात उपस्थितांमध्ये त्यांचा उल्लेख पशुवैद्यांच्याही आधी झाला. तो टाइप करताना इतररावांनी तीनदा कागद बदलला.

आदेशाची प्रत घरी बायकोच्या हाती लागली.

"मिशी काढू नये म्हणजे काय? कोण आहे ती?"

"ती नाही, तो. शहामृग आहे."

बायको बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत एवढा वेळ तिने प्रथमच बघितलं असावं. मग म्हणाली, "मी उद्या येते. बघू दे तरी, त्याला काय दिसलं."

दुसऱ्या दिवशी ती आली. इतररावांनी तिला कुंपणाशी उभं केलं आणि पाहुण्यांना घर दाखवावं तशा आवाजात म्हणाले, "आता बघ हं. घाबरू नकोस."

नर क्रमांक सात आला. इतररावांच्या समोरून पुढे गेला आणि बायकोपुढे गुडघ्यांवर बसला. पंख, मान, पाठीवर धपाधप, सगळं झालं. बायको आधी हसली. मग तिचा हात आपसूक केसांकडे गेला. हा प्रकार अकरा मिनिटं चालला. इतररावांच्या वाट्याला आजवर सर्वांत जास्त आली होती ती सात. त्यांनी घड्याळ लावलं होतं, कारण नोंद करणं हे त्यांचं काम होतं, आणि त्यांनी ती केली.

"डॉक्टर," ते पशुवैद्य बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "हे काय आहे?"

"काय म्हणजे? तो सगळ्यांनाच करतो. मला करतो, राखणदाराला करतो. परवा पत्रं द्यायला आलेल्या माणसाला केलं, तो सायकल टाकून पळाला."

"मग मला सांगायचं ना!"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इतरराव."

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. बायको म्हणाली, "तुम्हाला कसं वाटलं होतं हो, पहिल्यांदा?"

"कोणीतरी आपल्यासाठी उठून उभं राहिल्यासारखं."

"पण तो तर खाली बसतो."

"हो. तरी."

ती खिडकीबाहेर बघत हसली. इतररावांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "केस कधी कापलेस?" तिने महिना सांगितला नाही. नुसती सरकून थोडी जवळ बसली.

दुसऱ्या दिवशी इतररावांनी अहवाल लिहिला. प्रेरक म्हणून कोणताही दोन पायांचा मनुष्य चालतो, विशिष्ट व्यक्तीची गरज नाही, सबब पद रद्द व्हावं. हे वाक्य लिहायला त्यांना दुपार झाली. लिहून झाल्यावर मात्र बरं वाटलं. संचालकांनी अहवाल वाचला, खातरजमा करतो म्हणाले आणि एकटेच कुंपणाकडे गेले. एका तासाने परत आले तेव्हा चेहरा उजळला होता. त्यांनी अहवालावर शेरा मारला: 'निष्कर्ष सर्वसाधारणपणे बरोबर. माझ्या बाबतीत लागू नाही.' उपसंचालकांनी पडताळणी करून त्याखाली लिहिलं, 'माझ्याही.'

पद रद्द झालं. इतरराव पुन्हा इतर झाले, पण आता पाचच्या ठोक्याला घरी पोहोचतात. केंद्र सर्वांसाठी खुलं करण्यात आलं आहे. येणाऱ्याने अर्जात भेटीचं कारण लिहायचं असतं. आतापर्यंत आलेल्या सहाशे नऊ जणांपैकी सहाशे नऊ जणांनी 'केवळ कुतूहल' असं लिहिलं, आणि जाताना अभिप्रायाच्या वहीत पाचशे त्र्याण्णव जणांनी 'इतरांपेक्षा माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होता' असं नोंदवलं. (उरलेल्या सोळा जणांनी तेच लिहून खोडलं.)

आपल्याला असल्या गोष्टींची गरज नाही, आपण फक्त हे वाचून हसलो, असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांच्यासाठी फाटकाशी वेगळी रांग केली आहे. ती दुसरीपेक्षा मोठी आहे. जरा लवकर यावं.