नत्थुजींचा डावा हात

स्पर्धेला तीन दिवस उरले असताना उंदराने नत्थुजींच्या पेटीचा भाता खाल्ला, आणि ईशानला आयुष्यात पहिल्यांदा उंदराबद्दल आपुलकी वाटली.

ईशान म्हणजे अकोल्याच्या कमलाकांत वकिलांचा मुलगा. अमरावतीच्या एका कॉलेजात तो भौतिकशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात नत्थुजींचा जावई होण्याची उमेदवारी करायचा. उमेदवारीला दोन वर्षं झाली होती. प्रणाली कधीचीच तयार होती, वकीलसाहेब कुरकुरत का होईना तयार झाले होते, प्रणालीची आई जमुनाबाई तर त्याला आग्रहाने दुसऱ्यांदा वाढण्यापर्यंत आली होती. अडलं होतं ते नत्थुजींपाशी. तिवश्याजवळ चांगली काळी जमीन, गावच्या भजन मंडळाची चाळीस वर्षांची पेटी आणि कोणाचंही न ऐकण्याची पिढीजात सवय एवढं ज्याच्यापाशी आहे, त्याने वकिलाच्या पोरासाठी आपलं मत का बदलावं? त्यांचा आक्षेप जातीपातीचा मुळीच नव्हता. तसं ते स्वतःच सांगत, दर भेटीत, कोणी न विचारता. त्यांचा आक्षेप होता ईशानच्या मशीनला.

हे मशीन म्हणजे ईशानचा सिंथेसायझर. शाळेच्या दप्तरात मावेल एवढा, पंचवीस पट्ट्यांचा, आणि त्या पट्ट्याही दुधाच्या दातांएवढ्या.

"हे वाजोतेत कायनं? आगपेटीच्या काडीनं?" पहिल्याच भेटीत नत्थुजींनी विचारलं होतं. "तीस वर्साचं पोट्टं, अन् टुंईटुंई करत बसते. याले पोरगी देऊ?"

आणि आता उंदीर ईशानच्या बाजूने उभा राहिला होता. प्रणालीचा फोन आला.

"बाबा कालपासून जेवून नाही राहिले. बार्शीटाकळीच्या भजन स्पर्धेत तानुआत्या पहिल्या रांगेत बसते, माहीत आहे ना? तू तुझं मशीन घेऊन ये."

तानुबाई ही नत्थुजींची थोरली बहीण, दिलेली बार्शीटाकळीला. तिच्यापुढे नत्थुजींचा आवाज निम्मा होत असे.

ईशान पोचला तेव्हा नत्थुजी बाजेवर बसून मेलेल्या पेटीकडे बघत होते. "दुसरी पेटी आणा म्हन्तेत सारे. मी लोकाच्या पेटीले अन् लोकाच्या बैलाले हात लावत नसतो."

"काका, लोकाची कशाला? डबा माझा, पण आवाज तुमच्याच पेटीचा."

हे वाक्य आपल्याला कसं सुचलं याचं ईशानला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. नत्थुजींची मिशी हलली. मग प्रणालीने भात्याचं भोक दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं, नत्थुजींनी एकच सूर लावला आणि भात्याचा जीव जाण्याआधी ईशानने तो फोनमध्ये पकडला.

पुढचं प्रकरण समजावून सांगायला ईशानने पाऊण तास घेतला. आपण थोडक्यात उरकू. आवाजाच्या काकडीसारख्या पातळ चकत्या करायच्या आणि अशा चौसष्ट चकत्या एका ओळीत मांडायच्या. त्या ओळीला वेव्हटेबल म्हणायचं. मशीनच्या डाव्या अंगाला एक गोल बटण असतं. ते फिरवलं की मशीन या चकतीवरून त्या चकतीवर सरकतं आणि आवाज बदलत जातो. ईशानने पहिल्या चकत्या पेटीच्या मांडल्या. त्यांच्यामागे त्याने वर्षभर जमवलेला खजिना तसाच होता: शेजाऱ्यांचा मिक्सर, कुकरची शिट्टी आणि सगळ्यात शेवटी कमलाकांत वकिलांचं दुपारचं घोरणं.

"मागचं पुसून टाक ना," प्रणाली म्हणाली.

"पुसू? एकेक चकती हाताने केली आहे मी! बटण पेटीवरच ठेवलंय. फिरवायला जातंय कोण?"

भौतिकशास्त्राच्या माणसांना प्रश्न फार चांगले पडतात. उत्तरासाठी मात्र बार्शीटाकळीपर्यंत जावं लागतं.

नत्थुजींच्या एका बोटाखाली दोन पट्ट्या दबत होत्या. ईशानने मशीनची खास सोय दाखवली. "आता चुकीची पट्टी दाबली तरी बरोबरच सूर येईल."

"मी चुकलो तरी बरोबर वाजीन?"

"हो!"

"मंग मी कायले पायजे? बकरी बसव तिथं."

ईशानने ती सोय निमूट बंद केली आणि लागणाऱ्या पट्ट्यांवर आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून त्या लांब आणि पसरट केल्या. जगातल्या हुशार लोकांनी आखलेल्या कीबोर्डचं त्याने आपल्या हाताने असं कुंपण करून टाकलं. त्याला वाईट वाटलं, पण नत्थुजी खूश झाले. "हे एक कामाचं केलं." बाजेवर मशीन घसरत होतं, म्हणून ते डाव्या हाताने धरून त्यांनी उजव्याने भजन वाजवलं. डोळे मिटले तर थेट पेटीच! "बरं हाये," नत्थुजी म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बरं' निघायला गावातल्या कोणाला तरी परगावी जाऊन नाव काढावं लागत असे. ईशान इतका हरखला, की मंचावर मशीन घसरू नये म्हणून त्याने ते टेबलाला टेप लावून पक्कं चिकटवायचं ठरवलं. स्वतःचा घात माणूस असा काळजीपूर्वक करतो.

बार्शीटाकळीच्या मांडवात त्यांच्या मंडळाचा नंबर दुपारी चारला आला. पहिल्या रांगेत तानुबाई, शेजारी परीक्षक. पहिला सूर लागला आणि मांडव गप्प झाला. ईशानने प्रणालीकडे पाहिलं. लग्नपत्रिकेचा रंग कोणता असावा, एवढाच विचार आता बाकी होता.

पण नत्थुजींचा उजवा हात चाळीस वर्षं सूर काढत आला होता आणि डावा भाता ओढत आला होता. बाजेवर डाव्याला मशीन धरायचं काम होतं. ईशानच्या टेपने ते काढून घेतलं. बेकार झालेला हात भाता शोधत निघाला आणि त्याला ते गोल बटण सापडलं.

देह नाशिवंत असल्याचं भजन होतं. दुसऱ्या ओळीवर पेटीतून मिक्सर सुरू झाला, समेवर कुकरची शिट्टी झाली आणि ओळ संपता संपता कमलाकांत वकील घोरले. मग पुन्हा पेटी. सगळं अगदी तालात, कारण चाळीस वर्षांत नत्थुजींचा भाता कधी तालाबाहेर गेला नव्हता. आवाज बिघडल्याचं त्यांच्याही कानाला लागलं. पेटी बिघडली की भाता जोरात मारायचा, एवढा एकच उपाय त्यांना ठाऊक होता. त्यांनी तो केला. वकील सहा फूट उंचीच्या स्पीकरमधून घोरू लागले.

"ईशान, काहीतरी कर!" प्रणाली किंचाळली.

ईशान मंचावर रांगत गेला, त्याने बटण फिरवून परत पेटीवर आणलं आणि नत्थुजींचा डावा हात दोन्ही हातांनी धरला. पेटी पुन्हा पेटीसारखी वाजू लागली. पण हात थांबेना. तो आता ईशानला ओढू आणि सोडू लागला. पुढची दहा मिनिटं एक उच्चशिक्षित प्राध्यापक भर मांडवात भाता होऊन हलत राहिला. नत्थुजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की गाण्यात तोंड अडकलेलं नसतं तर त्यांनी तिथेच त्याची वरात काढली असती.

बक्षिसाचा प्रश्नच नव्हता. भजन संपल्यावर परीक्षकांनी जवळ येऊन अदबीने विचारलं, "नत्थुजी, मधातच काय झालं होतं?"

"मशीन बिघडलं," नत्थुजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माया हात साफ होता."

मशीनला काही झालेलं नव्हतं. त्याचं वेव्हटेबल पहिल्यापासून शेवटच्या चकतीपर्यंत निर्दोष वाजलं होतं, इतकं सुंदर तर ते घरीही कधी वाजलं नव्हतं. तो तोंड उघडणार एवढ्यात तानुबाई काठी टेकत आली.

"नत्थू, तू तं म्हने हे पोरगं तुले पसंत नाई. अन् साऱ्या सोयऱ्याइसमोर त्याचा हात धरून बसला?"

"मी नाई धरला, आक्का. त्यानं धरला."

"कायले धरला?"

नत्थुजींनी खरं सांगावं तर चाळीस वर्षांची पेटी परीक्षकांसमोर पाण्यात जात होती. त्यांच्या कपाळावर घाम आला. तानुबाईने काठी ईशानकडे वळवली.

"तू सांग रे. मशीन बिघडलं होतं, का याचा हात?"

ईशानने मशीनकडे पाहिलं. वर्षभर रात्रंदिवस जपलेल्या त्या चकत्या, एकही खोटी नाही. मग त्याने प्रणालीकडे पाहिलं.

"मशीनच बिघडलं होतं, आत्या," तो म्हणाला. "मी बनवलेलं होतं ना. काकांचा हात तर एकदम सुरात होता. तोच धरून कसाबसा सांभाळला मी ताल."

नत्थुजींनी त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत त्यांनी त्याच्याकडे एवढं निरखून पाहिलं नव्हतं. मग त्यांनी खांद्यावरच्या शेल्याने कपाळ पुसलं आणि बहिणीकडे वळले.

"आक्का," ते भारावून म्हणाले, "पोट्टं कधी खोटं बोलत नाई. देऊन टाकू पोरगी."