गाडीला नावं ठेवण्याची पद्धत

वस्तूची किंमत वस्तूत नसते, घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते. हे सत्य एकदा अंगी मुरलं की जुनी मोटरसायकल बघायला जाताना माणूस आपोआप मयताला निघाल्यासारखा निघतो. आपण आलोय ते विकणाऱ्याचं सांत्वन करायला, असं त्याला वाटलं पाहिजे. गाडी आवडली तर खोकावं. फारच आवडली तर गाडीकडे पाठ करून समोरच्या इमारतीला किती वर्षं झाली, याची चौकशी करावी.

आमच्या घराण्यात ही विद्या वडिलोपार्जित आहे. गेल्या तीस वर्षांत आमच्याकडे अकरा वाहनं आली आणि अकराच्या अकरा मातीमोल भावात मिळाली. (पैकी आज चालू स्थितीत दोन. त्यातली एक सायकल.) त्यामुळे भाचीला मोटरसायकल घ्यायचं ठरलं तेव्हा तिच्या पसंतीचा प्रश्न कुणी काढला नाही. तिला गाडी उत्तम चालवता येते, हे मान्य. पण गाडी चालवणं वेगळं आणि गाडी घेणं वेगळं.

निमित्त नोकरीचं होतं. तिला रुग्णालयातल्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. रुग्णालय चौदा किलोमीटरवर, पहिली पाळी पहाटे पावणेसहाची, आणि पहिली बस निघते साडेसहाला. पहिल्या दिवशी उमेदवार वेळेवर हजर न झाल्यास यादीतला पुढचा उमेदवार घेतला जाईल, असं पत्रातच छापलेलं. आम्ही गाडी बघायला निघालो तो रविवार, आणि हजर व्हायचं त्याच्या पुढच्या सोमवारी. म्हणजे हाताशी आठ दिवस. चांगल्या भावाच्या दृष्टीने हे फारच थोडे, पण म्हटलं, भागवू.

शिष्टमंडळ तिघांचं नेमलं. एक दाजी, म्हणजे भाचीचे वडील. पैसे त्यांचे, म्हणून त्यांनी तोंड उघडायचं नाही. दुसरा मी, मामा या नात्याने प्रमुख. तिसरे आमच्या शेजारचे मशीनवाले काका, जाणकार म्हणून. काका शिलाई मशीन दुरुस्त करतात. त्यांचा मोटरसायकलशी संबंध काय, असं काही खवचट माणसं विचारतात. यंत्र ते यंत्र. दोन्हींना तेल लागतं.

निघण्यापूर्वी सर्वांना सूचना देण्यात आल्या. गाडीच्या दहा फुटांच्या परिसरात ‘छान’, ‘मस्त’ आणि ‘अगदी नवी वाटते’ हे शब्द वर्ज्य. दाजींनी दर चार मिनिटांनी घड्याळ बघायचं. (दाजींच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. ते माझं दिलं.) भाचीने गाडीवर बसायचं नाही, कारण बसली की ती हसते आणि तिच्या एका हसण्याची किंमत, माझ्या अंदाजाने, दोन हजार. आणि बोलणं अडलं की मी म्हणायचं, ‘तशी आम्ही दुसरी एक बघून ठेवलीय.’ ही दुसरी गाडी आमच्याकडे बावीस वर्षांपासून आहे. रंग काळा, मालकाची बदली झालेली, किंमत नेहमी समोरच्या गाडीपेक्षा आठ हजारांनी कमी. ती आजवर कुणी पाहिलेली नाही, पण आमच्या घराण्याला सर्वांत जास्त उपयोगी पडलेलं वाहन तेच.

गाडी भाचीनेच शोधली होती. मालक चष्मेवाले. दुकान एवढंसं, एका भिंतीवर चष्म्यांच्या काड्या आणि दुसऱ्या भिंतीवर खाली लहान लहान होत जाणारी अक्षरं. गाडी मागच्या बोळात पत्र्याखाली उभी होती, जुन्या चादरीने झाकलेली. चष्मेवाल्यांनी चादर काढली आणि आम्हा तिघांनाही एकदम खोकला आला.

“गुडघे दुखतात हो आता, नाहीतर दिली नसती,” ते म्हणाले. “बावन्न हजार. ही सगळी सर्व्हिसिंगची बिलं.” आणि त्यांनी फाईल पुढे केली. सात वर्षांची बिलं, तारखेप्रमाणे लावलेली. असली फाईल म्हणजे आमच्यासारख्यांची पंचाईत. एवढ्या प्रामाणिक माणसाशी भाव करायचा तरी कसा?

पण काका कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी फाईल न उघडताच माझ्या हातात दिली, गाडीभोवती डावीकडून एक आणि उजवीकडून एक फेरी मारली, मग टाकीला कान लावून सर्वांना शांत राहायला सांगितलं. बोळातलं एक कुत्रंसुद्धा गप्प झालं.

“चेसिस हललीय,” काका म्हणाले.

एकदा सुरुवात झाल्यावर काका थांबले नाहीत. पुढचं चाक मागच्या चाकाच्या रेषेत नाही. ब्रेक लागतो पण त्याची लागायची इच्छा नाही. इंजिन आतून थकलंय, बाहेरून कळत नाही. वळणावर गाडी दगा देणार, उतारावर तर विचारूच नका. साठच्या पुढे गेली की हँडल थरथरणार, आणि साठच्या आत ठेवली की क्लच जाणार. एकूण एकोणीस दोष निघाले. (फाईलीतल्या बिलांची संख्या सव्वीस. म्हणजे सात बिलं अजून शिल्लक होती.) भाची मध्ये म्हणाली, “काका, अजून किकसुद्धा मारली नाहीये,” पण तिला मी डोळ्यांनी दाबलं.

चष्मेवाले आत जाऊन कागद-पेन घेऊन आले. एकोणीसच्या एकोणीस दोष त्यांनी क्रमाने लिहून घेतले. मी दाजींना कोपराने ढोसलं. विकणारा दोष लिहून घ्यायला लागला की समजावं, मासा गळाला लागला. घरून ठरवून आणलेला चाळीसचा आकडा मी तिथल्या तिथे बोलून टाकला; माझ्या मते आता तोही जास्तच होता.

लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. “ही मुलगी पहाटे पाचला एकटी याच गाडीवरून जाणार ना?”

“हो,” मी म्हणालो, “म्हणूनच तर आम्ही म्हणतो...”

“मग मी नाही विकू शकत. चाळीसला नाही आणि चारलाही नाही. अहो, वाटेत काही झालं तर मी कुठल्या तोंडाने जगू? सात वर्षं बसतोय, माझ्या डोळ्यांना काही दिसलं नाही. उपकार झाले तुमचे. आता भंगारात देऊन टाकतो.”

आमच्या सूचनांमध्ये या प्रसंगासाठी सूचना नव्हती. विकणारा चिडतो, हात जोडतो, शपथा घालतो, हे आम्ही पाहिलेलं. आमच्यावर विश्वास ठेवणारा माणूस तीस वर्षांत भेटला नव्हता. काका गडबडले. “तसं नाही हो, चेसिस काय, सगळ्यांचीच थोडी हललेली असते.” मी म्हणालो, “उताराचं म्हणाल तर वाटेत उतार फारसा नाहीच.” दाजींनी घड्याळ बघितलं, कारण चार मिनिटं झाली होती. चष्मेवाले मान हलवत राहिले.

शेवटी आम्ही निघून जाण्याचा उपाय केला. नियम असा की मागे न बघता चाळीस पावलं चालावं, हाक येतेच. आम्ही चाळीस चाललो. मग काकांनी चपलेचा अंगठा नीट केला, मी खिसे तपासले. साठाव्या पावलाला बोळ संपला. मागे वळून पाहिलं तर चष्मेवाले गाडीवर चादर घालत होते, पार डोक्यावरून.

बुधवारी आढावा बैठक झाली. बैठकीत एकमत झालं की हा माणूस मुरलेला आहे. भंगारात देतो म्हणणं ही त्याची चाल, आणि त्याला हाक मारायला लावायची तर आपण थंड राहायचं. किती थंड, याबद्दल मतभेद होते. काका दोन आठवडे म्हणाले, मी दहा दिवस.

“मामा, सोमवारी पावणेसहाला मला तिथं उभं राहायचंय,” भाची म्हणाली.

“अगं, नोकऱ्या काय, मिळतात,” मी म्हणालो. “गाडीचा भाव एकदा चुकला की जन्मभर सलतो.”

हे वाक्य मी बोललो. लपवून काय उपयोग? दाजींनी ठरलेले चाळीस हजार पाकिटात घालून भाचीकडे ठेवायला दिले, म्हणजे आम्हाला मोह होणार नाही.

शनिवारी संध्याकाळी फाटकापाशी हॉर्न वाजला. भाची गाडीवर बसलेली, तीच गाडी, आणि हसत होती. “चाळीसला दिली, मामा. तुम्ही लोकांनी इतकं घाबरवलं होतं त्यांना, की लगेच हो म्हणाले.”

त्या संध्याकाळी आमच्या घरातलं वातावरण काय वर्णावं! काका म्हणाले, पाया आपण घातला. दाजी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, “मामा होते म्हणून.” काकांनी गाडीभोवती पुन्हा दोन फेऱ्या मारल्या आणि इंजिन दणकट असल्याचं जाहीर केलं. सोमवारी पोरगी साडेपाचलाच रुग्णालयात पोचली. पुढे महिनाभर मी ओळखीच्या नऊ जणांना जुनी गाडी कशी घ्यावी, यावर विनामूल्य मार्गदर्शन केलं.

मग माझ्या चष्म्याचा जवळचा नंबर वाढला. गेलो चष्मेवाल्यांकडे. मला खुर्चीत बसवून, डोळ्यांवर ती जड चौकट चढवून ते म्हणाले, “तुमची भाची काय गुणी मुलगी हो! गुरुवारी मेकॅनिक घेऊन आली. गाडी पूर्ण उघडून बघितली, एक दोष निघाला नाही. म्हणाली, काका, तुमची किंमत बरोबरच होती. बावन्न मोजून दिले. मी दोन हजार कमी करत होतो, घेतले नाहीत.”

“बावन्न?” मी विचारलं.

“वरचे बारा तिचे स्वतःचे. शिकवण्या घेऊन साठवलेले म्हणाली. मामांना सांगू नका म्हणाली होती, त्यांना वाईट वाटेल.” मग त्यांनी जीभ चावली. “खालची ओळ वाचता येतेय का?”

मला खालची ओळच काय, वरचं मोठं अक्षरही दिसत नव्हतं. त्या चौकटीआड डोळे भरलेले कुणाला कळत नाहीत, एवढी एक सोय असते. मला वाईट वाटलं, आणि लाज तर त्याहून जास्त वाटली. तिच्या शिकवण्यांचे बारा हजार माझ्या अब्रूवर खर्च झाले होते.

घरी मी हा विषय काढला नाही. दाजी खूश आहेत, काका खूश आहेत, आणि भाचीने एवढी किंमत मोजून मिळवलेली शांतता मी कोण मोडणार? मात्र घरात शिरल्यावर माझी नजर कपाटावर गेली. ते घेताना दुकानदाराला मी असा काही झाडला होता, की दुसऱ्या दिवशी बायकोला ते निम्म्या किमतीत मिळालं होतं. मग फ्रिजवर गेली. मग पंख्यावर. मी बायकोला विचारलं, “हे कपाट नक्की केवढ्याला गं?” तिने माझ्याकडे बघितलं आणि चहा ठेवायला आत गेली.

तुम्हाला हसू येतंय, येऊ द्या. माणसाने हसावं. फक्त ‘तुम्ही होता म्हणून एवढ्यात मिळालं’ असं तुमच्या घरात ज्या ज्या वस्तूबद्दल सांगतात, ती आणायला शेवटच्या दिवशी एकटं कोण गेलं होतं, तेवढं जरा आठवून बघा.