चिमणी वापरात आहे जी

भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी, घराच्या आत शेकोटी पेटवणारा एकच माणूस मी पाहिला आहे आणि तो माझा शेजारी आहे. कुडव्यात माझ्या भिंतीला भिंत लागून झनकलालजी राहतात. गेले कित्येक रविवार मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून सालेकशाच्या जंगलात जातो आणि घामाने निथळत वांगी भाजतो. रविवारी माझं स्टेशनरीचं दुकान बंद असतं, हे त्यांना कळलं तिथंच मी फसलो.

झनकलालजी सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. सगळी नोकरी साहेबाच्या बंगल्याची डागडुजी करण्यात गेली. हा साहेब म्हणजे जुन्या काळातला कुणी इंग्रज. त्याला गावाकडच्या घराची फार आठवण यायची, म्हणून त्याने इथल्या जंगलात हुबेहूब तसंच घर उठवलं. दगडी भिंती, शंकरपाळ्यांसारख्या काचांच्या खिडक्या, सागवानी जिना, भिंतीत शेकोटी आणि वर उंच चिमणी. छप्पर इतकं उतरतं की बर्फ पडला तर घसरून जावा. आजवर त्यावरून मोहाची फुलं तेवढी घसरली आहेत.

निवृत्त झाल्यावर लोक ऑफिसकडे फिरकत नाहीत. झनकलालजी दर रविवारी बंगल्यावर जातात. चौकीदाराकडून किल्ली घेतात, सगळ्या खिडक्या उघडतात आणि जिना विनाकारण चढून परत उतरतात.

"जिना कायले चढून राहिले जी?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"वापरात रायला पायजे न भाऊ! जे वापरात नाई, ते पाडतेत. खात्यात जिंदगी गेली माही, मले मालूम आहे."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. स्कूटरचा हॉर्न ते रिकाम्या रस्त्यावरही वाजवतात, कारण तो वापरात राहायला हवा. लग्नातला कोट थंडीत दूध आणायला घालतात. एकदा एका ठेकेदाराने बंगल्याच्या भिंतीला सिमेंट लावायला घेतलं, तर हे सिमेंटच्या पोत्यावर जाऊन बसले. "चुन्याच्या भिंतीले सिमेंट? अबे, दम घुटते तिचा!" ठेकेदाराने चहा पाजला, हात जोडले, हे उठले नाहीत. शेवटी चुना आला.

यंदा खात्याने बंगला नवा करायला काढला. नवे साहेब नागपूरचे, तरुण, स्वभावाने गोड.

"काका, बंगला ठेवतोच आहे आपण," ते म्हणाले. "पण ही चिमणी कशाला? पाणी गळतं, वटवाघळं राहतात. चिमणी काढू, शेकोटी बुजवू, एसी लावू. आपल्याकडे घरात शेकोटी वापरतं कोण?"

झनकलालजींचा चेहरा पडला. पण क्षणभरच. "वापरात असन तर?"

"असेल तर ठेवू. मी स्वतः येऊन पाहीन."

साहेब सहज बोलून गेले. झनकलालजींनी शब्द धरून ठेवला आणि आमची वांगी सुरू झाली.

पहिल्या दिवशी सगळा धूर खोलीतच आला. वटवाघळं एका दाराने बाहेर पडली, आम्ही दुसऱ्या. झनकलालजींनी डोळे पुसत लांब बांबू आणला, छपरावर चढून चिमणी मोकळी केली, आणि काळ्याकुट्ट तोंडाने खाली उतरून म्हणाले, "आता ओढते पाहा!" खरंच ओढू लागली.

साहेब आले ते ऐन दुपारी. आत पाहतात तर शेकोटी पेटलेली, त्यात वांगी, आणि समोर मी, चौकीदार आणि झनकलालजी, तिघेही बनियनवर.

"काका, हे काय करून राहिले?"

"चिमनी वापरात आहे जी," झनकलालजी मान वर न करता म्हणाले आणि वांगं उलटवलं.

साहेब पोट धरून हसले. मग त्यांना वास आला. हिरवी मिरची, लसूण, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि वरून जवसाचं तेल. खिडकीतल्या बैठकीवर बसून त्यांनी माझ्या घरच्या पोळ्यांशी दोनदा भरीत मागून घेतलं. हात धुऊन बाहेर आले, धूर सरळ वर जाताना पाहिला आणि म्हणाले, "राहू द्या चिमणी. वर जाळी बसवून घेऊ."

येताना झनकलालजींनी सालेकशापासून कुडव्यापर्यंत हॉर्न वाजवला. घरी पोचल्यावर म्हणाले, "या, पानी पिऊन जा."

आमच्या गप्पा नेहमी ओट्यावर होतात. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, गेल्यापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. शेगडीवर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर धूळ. बाजूला खानावळीचा डबा पालथा घातलेला.

माझी नजर त्यांनी पाहिली. "एकट्यासाठी कायले पेटवाचं? डबा येते," ते म्हणाले. मग पेला माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "तिथं कसं, तुमी असता जी खायले."

साहेबाच्या चिमणीसाठी हा माणूस छपरावर चढला होता.

मंगळवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि चार वांगी घेऊन त्यांचं दार वाजवलं.

"तपासनीले आलो जी. चूल वापरात आहे का?"

ते आत गेले, वर्तमानपत्र उचललं, फडक्याने शेगडी पुसली. काडेपेटी मात्र घरात कुठंच सापडेना. शेवटी बाहेर येऊन त्यांनी स्कूटरची डिकी उघडली.

"हे बंगल्याची आहे," काडेपेटी हातात घेऊन ते म्हणाले. "पन आज इथं वापरू."