बुढ्यायच्या गाण्याचा अर्थ

जे गाणं माणसाला कळतं त्यावर तो मत देतो, आणि जे कळत नाही त्यावर तो नाचतो. हे तत्त्व कोणत्याही ग्रंथात नमूद नाही. पण घुग्घुसजवळच्या एका खाण-कामगार वसाहतीत १९९२ च्या लग्नसराईत ते निर्विवाद सिद्ध झालं. ते सिद्ध होताना देवराव वनकर या सरळ माणसाला जो त्रास झाला, तो कुठेतरी नोंदला जाणं आवश्यक आहे.

देवराव खाणीत टाइमकीपर होते. बावीस वर्षांत त्यांनी वाचल्याशिवाय एकाही कागदावर सही केली नव्हती आणि विचारल्यावर खोटं उत्तर दिलं नव्हतं. (पगाराच्या चिठ्ठीमागे छापलेल्या सूचनाही ते वाचत. त्या छापणाऱ्यानेसुद्धा वाचल्या नसाव्यात.) असा माणूस कोणाच्या घरी फारसा बोलावला जात नाही, पण अध्यक्ष हमखास होतो. त्याप्रमाणे ते वसाहतीच्या उत्सव व शांतता समितीचे अध्यक्ष झाले. उत्सव होऊ देणं आणि शांतता राखणं, ही समितीची दोन उद्दिष्टं होती. दोन्ही एका वेळी साधत नसल्यामुळे समिती बहुतेक काळ सभा घेत असे.

वसाहतीतल्या वराती शहबाज वाजवायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चार मोठे स्पीकर, मागे जनरेटर आणि पाटीवर आईच्या नावाने 'नूरी साउंड सर्विस'. त्या वर्षी जानेवारीत एका ट्रकवाल्याने त्याला नागपूरहून एक कॅसेट आणून दिली. ती परदेशी होती. वेष्टणावर रेनकोट घातलेला एक माणूस मान खाली घालून उभा होता. शहबाजने ती लावली. वीस-पंचवीस म्हातारे मोठ्या दगडी खोलीत बसून एका सुरात काहीतरी म्हणत होते. तबला नाही, पेटी नाही. चाळीस सेकंद हे चाललं आणि एकदम मशीनचा ठेका सुरू झाला. म्हातारे थांबले नाहीत.

शहबाजला वाटलं, एका कॅसेटवर दुसरी भरली गेली. त्याने ती परत पाठवली. नागपूरच्या दुकानदाराने तीच पुन्हा धाडली, सोबत चिठ्ठी: 'खराब नाही. असंच आहे. सगळीकडे हेच चालू आहे.'

पहिल्या वरातीत गाणं लागलं तेव्हा लोक चाळीस सेकंद स्तब्ध उभे राहिले. कोणी चपला काढल्या, कोणी हात जोडले. एका फिटरने सायरन समजून घड्याळ पाहिलं. मग ठेका पडला आणि जे झालं त्याने मांडवाचे दोन बांबू गेले. तेव्हापासून प्रथाच पडली. म्हातारे एकटे गात असेपर्यंत उभं राहायचं, मशीन आलं की नाचायचं. गाण्याचं नाव कोणाला उच्चारता येईना, म्हणून ते 'बुढ्यायचं गानं' झालं. मार्चअखेरपर्यंत वसाहतीतल्या एकेचाळीस वरातींपैकी अडतीस वरातींत ते वाजलं. (उरलेल्या तिनांपैकी दोहोंत जनरेटर बंद पडला होता. तिसरं लग्न मोडलं.)

भाषा कोणती, यावर अनेक मतं होती. खाणीच्या कँटीनमध्ये तिला संस्कृत मानत. देवरावांना पाली असावी असं वाटे, पण पुरावा नसल्याने ते बोलत नसत. सिरोंच्याकडचा एक ड्रायव्हर तेलुगू नसल्याचं शपथेवर सांगे. समितीचे चिटणीस बाबूभाई टेलर म्हणाले, "अरबी नाई हे. इतलं मी पक्कं सांगतो." अशा रीतीने ती कोणती भाषा नाही, याचा अभ्यास बराच पुढे गेला.

एप्रिलमध्ये वसाहतीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी समितीकडे अर्ज केला. गुरुजींचा मुद्दा बिनतोड होता. सदर गाणं अश्लील असल्यास वाजवता येणार नाही. सदर गाणं धार्मिक असल्यास त्यावर नाचता येणार नाही. तरी अर्थ कळेपर्यंत ते बंद ठेवावं.

देवरावांनी अर्ज दोनदा वाचला आणि मंजूर केला. तो नामंजूर करण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण आठ दिवसांवर त्यांच्या मुलीचं, नूतनचं लग्न होतं.

नवरदेवाचे वडील सोमाजी हे आरमोरीकडचे धानाचे शेतकरी. बोलणी झाली तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, "भाऊ, आमाले देनंघेनं काई नको. फक्त ते बुढ्यायचं गानं पायजे. आमच्याकडं अजून आलं नाई." आणि नूतनचं स्वतःचं एक मागणं होतं. तिची आई सीता तीन वर्षांपूर्वी वारली होती. तेव्हापासून बाप ड्यूटीवर जायचा, यायचा, जेवायचा, झोपायचा. ती म्हणाली, "बाबा, मी काई मांगत नाई. माया लग्नात तुमी थोडंसं नाचा."

"मले नाचता येते का?"

"कोनाले येते, बाबा?"

देवराव म्हणाले, "पाहू." त्यांच्या तोंडून निघालेलं 'पाहू' हे इतरांच्या करारपत्राएवढं असे.

दुसऱ्या दिवशी ते शहबाजच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन मिशनच्या दवाखान्यात गेले. तिथे सिस्टर एल्सी होत्या. केरळातून येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती, आणि त्या वसाहतीतल्या लोकांपेक्षा ठसक्यात इथली झाडीबोली बोलत. म्हातारे गातात तसंच काहीसं सिस्टर प्रार्थनेत म्हणत, ती चर्चची जुनी भाषा असावी, असं शहबाजच्या आईने सांगितलं होतं. (तिची दोन्ही बाळंतपणं सिस्टरच्याच हातची.)

सिस्टरांनी डोळे मिटून ऐकलं. म्हातारे एकटे गात होते तोवर त्यांचे ओठ हलत होते. ठेका पडला तेव्हा डोळे मिटलेलेच राहिले, पण उजवा पाय हलायला लागला.

"लॅटिन हाय," त्या म्हणाल्या. "पैले आमच्या चर्चमंधी हेच चाले."

देवरावांनी वही उघडली. "अश्लील हाय का, सिस्टर?"

"नाई जी. मानूस मेल्यावर म्हनते हे. हा लय थकला, आता याले आराम दे, उजेड दे. इतलंच."

शहबाजने टेप बंद केला. अडतीस वराती त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या असाव्यात, कारण तो बाकावर बसला.

देवरावांनी ते शब्दशः लिहून घेतलं. 'हा लय थकला, आता याले आराम दे.' लिहिताना एकदा पेन थांबलं. सीता शेवटचे पाच महिने याच दवाखान्यात येत होती. ती गेली त्या दिवशी नेमकं काय म्हणावं हे त्यांना सुचलं नव्हतं. आलेल्या लोकांना ते पाणी देत राहिले होते.

"मंग यावर नाचनं चूक हाय ना?" त्यांनी विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, "मी सोळा वर्षांची होतो. बाप मेला तं हेच म्हनलं आमी. तवा हा ढोल नोता. असता तं बरं झालं असतं."

हे मत अर्जाच्या कक्षेत बसत नसल्यामुळे देवरावांनी लिहून घेतलं नाही. पण परत येताना पूर्ण रस्ताभर, कोळशाच्या ट्रकांच्या धुळीत, त्यांनी वहीत बोट घालून ते पान धरून ठेवलं.

सभा भरली. अध्यक्षांनी वहीतून अर्थ वाचून दाखवला. पंधरा लग्नं बाकी होती. सातपैकी तीन सदस्यांच्या घरीच लग्न होतं, आणि नवरदेवांना दुसरं गाणं चालणार नव्हतं. दीड तास चर्चा झाली आणि ठराव झाला तो असा: 'सदर गाण्याचा अर्थ गोपनीय ठेवण्यात यावा. ज्या व्यक्तीस अर्थ ज्ञात असेल तिने सदर गाण्यावर नाचू नये. ज्या व्यक्तीस ज्ञात नसेल तिच्या नाचण्यास हरकत नाही.'

"पन आता तं मी वाचून दाखवला," देवराव म्हणाले. "तुमाले सगळ्यायले माहीत झाला."

"मी तं पानी प्याले गेलतो, भाऊ," बाबूभाई म्हणाले.

इतिवृत्तात नोंद आहे की अर्थ वाचला गेला त्या मिनिटाला सहाही सदस्य पाणी पिण्यास बाहेर गेले होते. (माठावर पेला एकच होता.) म्हणजे अर्थ अधिकृतपणे दोनच माणसांना ठाऊक राहिला, सिस्टर एल्सी आणि देवराव. शहबाजला वाजवायचं होतं, नाचायचं नव्हतं, म्हणून त्याला गणलं नाही.

संध्याकाळपर्यंत अर्थ वसाहतीच्या चारही गल्ल्यांत पोहोचला होता. गोपनीयतेला मात्र तडा गेला नाही, कारण ज्याला त्याला विचारलं की तो 'मले काय माहीत' म्हणे.

लग्नाच्या दिवशी पाच वाजता आरमोरीची वरात वसाहतीच्या फाटकाशी आली. ठरावाच्या अंमलबजावणीसाठी गुरुजी वही घेऊन फाटकात उभे होते. नाचू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "अर्थ माहीत हाय?" आणि "नाई" ऐकून पुढे सोडत. एकशे बारा माणसं अशी आत गेली. त्यांत गुरुजींची सून होती. शेवटी गुरुजींनी स्वतःलाही विचारलं आणि समाधानकारक उत्तर मिळाल्यावर वही काखेत मारली.

मग म्हातारे गायला लागले.

नेहमी लोक नुसते उभे राहत. त्या दिवशी ते वेगळे उभे राहिले. खाणीतला एक ड्रिलर डोळे पुसत होता. त्याचा भाऊ दोन वर्षांपूर्वी खाणीच्या आतच राहिला होता. बाबूभाईंचे ओठ हलत होते. सोमाजींनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. तेही आल्यापासून काही कळलं नसल्याचं सांगत होते. देवराव मांडवाच्या खांबाशी उभे होते. आत लग्नाच्या पांढऱ्या साडीत उभी असलेली नूतन त्यांच्याकडे पाहत होती, आणि अगदी तिच्या आईसारखी दिसत होती. 'हा लय थकला, आता याले आराम दे.' चाळीस सेकंद. तीन वर्षांत जे म्हणता आलं नव्हतं ते वीस-पंचवीस अनोळखी म्हातारे त्यांच्या वतीने म्हणत होते.

ठेका पडला. सोमाजींनी देवरावांचा हात धरून ओढला.

गुरुजी आडवे आले. "वनकर, तुमी अध्यक्ष हाय. तुमाले विचारल्याबिगर सोडता येत नाई. अर्थ माहीत हाय?"

देवरावांनी गुरुजींकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"नाई," ते म्हणाले.

आणि नाचले. वाईट नाचले. दोन्ही हात वर करून, ठेक्याच्या अर्धा पाऊल मागे, हजेरी घेतल्यासारखं बोट झटकत. शहबाजने ते गाणं तीन वेळा लावलं. नूतन हसत होती आणि रडत होती. दोन्ही एकाच वेळी जमत होतं.

ठराव आजतागायत रद्द झालेला नाही. तो रद्द करायला समितीच उरली नाही. म्हणून वाचकांच्या निदर्शनास आणून द्यावंसं वाटतं की, इथवर वाचल्यामुळे सदर गाण्याचा अर्थ त्यांनाही ज्ञात झालेला आहे, आणि नियमानुसार त्यांना आता नाचता येणार नाही. आपण तर वाचताना मधेच पाणी प्यायला उठलो होतो, असं म्हणायचं असल्यास हरकत नाही. फक्त ते कोणी विचारण्याआधी ठरवून ठेवावं, आणि म्हणताना चेहरा सरळ ठेवावा.