चार्जरचं माहेर

लोक दुसऱ्याच्या घरी गेले की आधी पाणी मागतात. शकिलाआपा आली की आधी भिंतीतला चार्जर उपसते. उलटा करते, त्याच्या पोटावरून अंगठा फिरवते आणि निकाल देते, "हा आमचा न्हाई." मग शेजाऱ्याचं शेंबडं पोर चुकून कडेवर आल्यासारखा तो बाजूला ठेवते. पण आपला निघाला, की घरमालकाचं काही खरं नाही.

"मास्तर, वायर कोन पिळलं? आमची लेक दिलेली हाय तुमच्याकडं. माहेर गरीब आसलं म्हनून काय झालं?"

मी लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. तीनशे पोरांना एका दमात गप्प करणारा माणूस मी. पण या बाईसमोर वायर सरळ करत उभा राहतो.

आपा आमच्या गल्लीत दोन घरं सोडून राहते. एकटी. ती आणि गल्लीतल्या आणखी अकरा बायका घरी बसून चार्जर जोडायच्या. तापलेली सळई, सोल्डरची तार, समोर सुट्या भागांचा ढीग. कंपनी कुठली तरी लांबची, टॅब विकणारी. कंपनीनं पुण्याच्या कारखान्याला सांगितलं, कारखान्यानं आणखी कुणाला, त्यानं आमच्या चंदू गुत्तेदाराला, आणि गुत्तेदारानं पोतं आणून आमच्या गल्लीत उलटं केलं. देवाचा निरोपही एवढ्या तोंडांतून येत नसेल. प्रत्येक चार्जरवर मात्र छापलेलं, की कारखान्यात तयार. म्हणून आपा आपल्या चार्जरच्या पोटाशी नखपॉलिशचा एक टिपका ठेवायची. "लेकीच्या अंगावर माहेरचं एखादं तरी गोंदन नको का?"

या टिपक्यापायी तिनं दोन जिल्हे हादरवले. ती नांदेडला एका लग्नाला गेली, तेव्हा नवरदेवाचा फोन ऐन वेळेला बंद पडला, कारण आपा त्याच्या चार्जरची चौकशी करत होती. 'कबूल' म्हणायच्या जागी तो बिचारा 'चार्जर' म्हणाला म्हणे. मी तिथं नव्हतो. पण असतो तर नक्की ऐकलं असतं.

हे काम ती शिकली भूकंपानंतर. औशाकडच्या खेड्यात तिचा नवरा रेडिओ दुरुस्त करायचा. भिंत पडली आणि त्याचा उजवा हात कामातून गेला. पत्र्याच्या शेडमध्ये तो डोळ्यांनी दाखवायचा, ही हातानं जोडायची. "माझे हात, त्येंची नजर. दोघांचा मिळून एक कारागीर," असं ती सांगायची. पुढं तो गेला, आणि तिला एकटीलाच दोन्ही कामं करावी लागली.

मग आमच्या क्लासनं पोरांना टॅब वाटले. चार्जरवर टिपका! आपाला आकाश ठेंगणं झालं. ती मुलींच्या हॉस्टेलात खोलीखोलीतून फिरायची. भोकरची, उमरीची, कुठली कुठली पोरगी असो, "चटका तर बसत न्हाई ना, बेटा? हे मी बनवले, माझ्या घरी," असं ठासून सांगायची. गुत्तेदारानं सगळ्या बायकांना बजावलेलं, घरी काम होतं हे कुठं बोलायचं नाही. पण लेक दिल्यावर कुठली आई गप्प बसते?

उमरीच्या एका पोरीच्या बापानं सरळ कंपनीला फोन लावला. तक्रार नव्हती हो! "तुमची ती लातूरची बाई चार्जर लई झकास बनवती, तिला माझा सलाम सांगा," एवढंच म्हणाला तो. त्या सलामानं घात केला.

पंधरा दिवसांत पुण्याहून कंपनीच्या मॅडम आल्या. आमच्याच क्लासच्या हॉलमध्ये बैठक. माल बनतो कुठं, कसा, यावर सगळ्यांचं म्हणणं ऐकायचं होतं. बायका मागच्या बाकांवर, नापास झाल्यासारख्या.

आमचे क्लासवाले सर म्हणाले, "आमचा संबंध रिझल्टशी. चार्जर चंद्रावरून आला तरी चालेल."

उमरीचा बाप म्हणाला, "मला त्या बाईला साडी द्यायची हाय. कुठं बसल्या त्या?"

गुत्तेदार म्हणाला, "मॅडम, घरात काम? तोबा तोबा! आपली फॅक्टरी हाय."

"कुठे आहे?"

"बांधून राहिलो."

मॅडमनी शांतपणे सांगितलं, की घरात माल बनवणं कंपनीच्या नियमात बसत नाही. तसं आढळलं तर इथलं काम बंद. आमच्या गल्लीतली रुखमीण, पंचविशीची, डोळे पुसत म्हणाली, "बंद करू नका, बाई. आमी काय बी बनवत न्हाई. पापड लाटतो."

तेव्हा आपा उठली.

"खोटं बोलू नको गं. मॅडम, आमी बनवतो. चंदूशेट खोटं बोलून राहिले, आन त्यांच्या मागं आमीबी बोललो. खिडक्या लावून बसतो, वारं लागलं की सळई थंड होती. धूर डोळ्यांत जातो, छातीत जातो. पन तुमी काम बंद करून गेलात तर तुमचा कागद तेवढा साफ होईल. आमच्या घरात काय साफ होईल? चूल! एक शेड द्या. धूर ओढनारा पंखा द्या. आन कामावर घ्यायच्या आधी एकेकीचे डोळे तपासा. जिला दिसत न्हाई तिच्या हाती सळई देऊ नका. पोरींच्या उशाशी जातंय ते."

टाळ्या पडल्या. माझी सगळ्यात मोठी. मॅडमनी शब्दन् शब्द लिहून घेतला.

आणि नवल म्हणजे, चार महिन्यांनी झालं! एमआयडीसीच्या रस्त्याला शेड, डोक्यावर धूर ओढणारे पंखे, दारात डोळ्यांचा डॉक्टर. अकरा बायका पास झाल्या. आपानं डॉक्टरला विचारलं, "तक्ता कुठं टांगलाय?"

तक्ता समोरच होता.

मी तिला रिक्षातून घरी आणलं. वाटेत विचारलं, "आपा, तुम्हाला माहीत होतं?"

"दोन सालांपासून. माझे सोल्डरचे डाग रुखमीण परत तपासायची. माल कधी खराब न्हाई गेला, हां."

"मग डोळे तपासा म्हणून कशाला बोललात? शेड आणि पंखा मागून गप्प बसायचं!"

"रुखमीणच्या डोळ्याला आत्ताच पानी लागलंय, मास्तर. तिचं वय बघा की. येळंवर तपासलं तर तिचे तरी वाचतील."

सोमवारी सकाळी अकरा जणी दोन रिक्षांत कोंबून शेडवर गेल्या. आपानं एकेकीच्या डब्याचं झाकण दाबून पाहिलं. रिक्षा वळल्या, तरी ती उंबऱ्यावर बसून राहिली. मी जाता जाता हटकलं, तर म्हणाली, "घरात काय बिघडलं आसंल तर आना, मास्तर. काय बी चालंल."

मी उलट्या पावली घरी आलो. एरवी आमच्याकडं आठवड्याला काहीतरी जळतं. त्या दिवशी झाडून साऱ्या वस्तू शहाण्या! शेवटी टेबलावरच्या दिव्याची वायर काढली आणि पक्कड घेतली. बायको बघत होती. म्हणाली, "पकडीनं नको. तिला कळंल." वायरचं दुसरं टोक तिनं धरलं, आणि आम्ही दोघांनी ओढून तोडली.

आपानं तुटकी टोकं कितीतरी वेळ चिमटीत फिरवली.

"उंदरानं कुरतडली," मी म्हणालो.

"हौ. दोन उंदीर दिसतात. दोन्हीकडनं ओढलीय." तिनं तार वळायला घेतली आणि उंबऱ्यावर मला बसायला जागा केली. "उद्या मिक्सरकडं पाठवा त्यांना."